दादाचं एकविसावं गुणसूत्र

दादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. पण आम्ही दोघं चालायला लागलो ते एकाच उन्हाळ्यात, असं माय सांगते. एका हाताला तो असायचा आणि दुसऱ्या हाताला मी. पुढे मी पळायला लागलो, चिंचेवर चढायला लागलो, शाळेत त्याच्या पुढच्या वर्गात गेलो आणि दादा मागे राहिला. तरी त्याला दादाच म्हणायचं, हे मायनं घालून दिलं होतं. मी एकदा त्याला नुसत्या नावानं हाक मारली तेव्हा तिनं हातातलं लाटणं उगारलं होतं.

त्याचे डोळे बाहेरच्या कोपऱ्यात किंचित वर ओढलेले, मान आखूड, बोटं तोकडी आणि जीभ जड. गावात कुणी त्याला भोळा म्हणायचं, कुणी देवाचं लेकरू म्हणायचं, आणि पाठीमागे बोलताना सगळेच 'त्याच्यात थोडं कमी आहे' असं म्हणायचे. नात्यातही हाच शब्द चालायचा. नेमकं काय कमी आहे ते कुणी सांगितलं नाही. मी बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं होतं. गुणसूत्रांवर मोठा धडा होता, पण त्यात वाटाणा होता, गहू होता, कांद्याच्या मुळाची टोकं होती. माणूस त्यात कुठे नव्हता.

शिकून झाल्यावर मी शेतीतच आलो. देऊळगाव राजाहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं गाव आहे. आमच्या भागात शेडनेट पुष्कळ, आणि त्या जाळीच्या मांडवांत भाजीपाल्याचं संकरित बियाणं तयार होतं. आमच्याकडे मिरची असते. काम तसं नाजूक. मादी झाडावरची कळी उमलायच्या आधी चिमट्यानं तिच्यातले पुंकेसर काढून टाकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाच्या फुलांतले परागकण तिला लावायचे, आणि लावून झालं की देठाला लोकरीचा धागा बांधायचा. धागा असलेलं फळ बियाण्यासाठी ठेवायचं, नसलेलं तोडून टाकायचं. सगळा भरवसा त्या धाग्यावर.

धागा बांधायचं काम दादाकडे होतं. परागकण लावत बाया पुढे जायच्या आणि मागून हा. त्याच्या तोकड्या बोटांना ती गाठ कशी जमायची, याचं मला नवल वाटायचं. सुरुवातीला मायनं त्याला जुन्या स्वेटरची लोकर आणि कडुनिंबाची डहाळी देऊन एक अख्खा पावसाळा शिकवलं होतं. एकदा शिकला तो शिकला. प्रत्येक गाठीनंतर स्वतःशीच 'बसलं' म्हणायचा आणि पुढच्या फुलाकडे वळायचा. बायांनी त्याची चेष्टा केली तर तोही हसायचा, पण हात थांबवायचा नाही.

आमचे वडील गेले त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. आमचं बियाणं घेणाऱ्या कंपनीचा अधिकारी प्लॉट पाहायला आला होता. हा तरुण माणूस कृषी विद्यापीठात शिकलेला, बोलायला मोकळा. झाडाझाडाखाली वाकून पाहताना तो एका ओळीत थांबला आणि मला बोलावलं. न उमललेल्या, हात न लावलेल्या कळ्यांना धागे बांधलेले होते. चार-दोन नव्हे, अर्ध्या ओळीभर. अशा कळीतून स्वतःच्याच परागानं झालेलं फळ येतं, आणि ते बियाण्यात मिसळलं की सगळा माल नाकारला जातो. मी ओळीच्या टोकाला पाहिलं. दादा तिथं लोकरीचा तुकडा हातात धरून उभा होता. तो तुकडा त्यानं माझ्यापुढे केला आणि विचारलं, "याचं काय कराचं?"

मला राग आला नाही. त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. खरंच विचारत होता तो.

मग मागचं एकेक आठवायला लागलं. गेल्या दिवाळीपासून तो सदरा उलटा घालत होता. जेवून उठला की थोड्या वेळानं परत ताटाशी येऊन बसायचा. एकदा विहिरीजवळून घराकडे येताना मोटारीच्या खोलीपाशीच उभा राहिला होता, आणि तिथून आमचं घर समोर दिसतं. बाया म्हणाल्या, नजर कमी झाली असेल. शेजारच्या काकू म्हणाल्या, बाहेरचं काही असेल, उतरवून टाका. मायला वाटत होतं की त्याला बापाची आठवण येते. आणि बऱ्याच जणांचं म्हणणं असं, की तो तर पहिल्यापासून असाच आहे, यात नवीन काय?

पण नवीन होतं. जो माणूस गाठ मारत होता त्याला गाठ येईनाशी झाली, एवढं माझ्या डोळ्यांसमोर होतं.

देऊळगाव राजाच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं, कान तपासले, डोळे पाहिले. थायरॉइड कमी निघालं, त्याची गोळी सुरू झाली. कानांत मळ दगडासारखा बसला होता, तो काढला. एका डोळ्यात मोतीबिंदू होता, त्याचं ऑपरेशन जालन्यात झालं. कान साफ झाले त्या आठवड्यात दादा भलताच खूश होता. पंखा लावला की वर बघायचा, भांडं पडलं की टाळी वाजवायचा. आम्हाला वाटलं, सुटलं कोडं. पण पुढच्या हंगामात त्याच्या हाती लोकर दिली तर ती त्यानं खिशात घातली आणि सावलीत जाऊन बसला. आमच्या डॉक्टरांनी मग संभाजीनगरच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं.

आम्ही तिघं एसटीनं गेलो. माय खिडकीशी, मध्ये दादा, कडेला मी. डॉक्टर बाई होत्या, साधारण माझ्याच वयाच्या. त्यांनी आधी दादाला नमस्कार केला, खुर्ची जवळ घेतली आणि त्याच्याशीच बोलायला लागल्या. त्याचा तळहात उलटा-सुलटा करून पाहिला. माणसाच्या तळहातावर आडव्या दोन रेघा असतात. दादाच्या तळहातावर एकच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी ती आजवर पाहिली नव्हती असं नाही, पण तिच्यात वाचण्यासारखं काही असेल असं मला वाटलं नव्हतं.

मग त्यांनी मायला विचारलं, की दोन-तीन वर्षांपूर्वी हे काय काय करायचे? आत्ता काय येत नाही, ते त्यांनी विचारलं नाही. आधीचंच विचारलं. मायला बहुधा असा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. ती बोलायला लागली. दादा गाईला पाणी दाखवायचा, स्वतःची आंघोळ स्वतः करायचा, पंगतीत मीठ वाढायचा, टीव्हीवर कुणी बाद झालं की स्वयंपाकघरात येऊन सांगायचा. डॉक्टर लिहून घेत होत्या. माय थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, "आणि आता?"

"आता मलेच सांगा लागते, की बाबू, हा घास हाय, चाव."

दादाच्या जन्मापासून जे आहे त्याला डाउन सिंड्रोम म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. त्यापाठोपाठ दुसरं नाव सांगितलं, अल्झायमर. हे नाव मी ऐकलेलं होतं. पण तो म्हाताऱ्यांचा आजार. माझी माय पासष्टीच्या पुढे गेलेली, आणि तिला कोणत्या नात्यातलं लग्न कोणत्या साली झालं तेही आठवतं. दादाची पन्नाशी अजून यायची होती. मी म्हणालो, यांना एवढ्यात कसा होईल?

डॉक्टरांनी माझं शिक्षण विचारलं. बी.एस्सी. म्हटल्यावर म्हणाल्या, मग तुम्हाला सांगायला सोपं आहे. आणि त्यांनी जे सांगितलं ते मी इतक्या वेळा मनात फिरवलं आहे की आता त्यातले शब्द त्यांचे किती आणि माझे किती, ते सांगता येणार नाही. आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या असतात. दादाच्या पेशींत एकविसाव्या क्रमांकाची जोडी नाही, तिथं तीन गुणसूत्रं आहेत. त्या एकविसाव्या गुणसूत्रावर इतर अनेक जनुकांबरोबर एक असं जनुक आहे, जे वाचून मेंदूच्या पेशी एक प्रथिन बनवतात. ते प्रथिन पेशीच्या आवरणात रोवलेलं असतं. पुढे त्याचे तुकडे होतात. एका ठिकाणी कापलं गेलं तर काही बिघडत नाही. दुसऱ्या ठिकाणी कापलं गेलं तर एक छोटा, चिकट तुकडा मोकळा होतो. तो अमायलॉइड. हे तुकडे एकमेकांना धरून बसतात आणि पेशींच्या मधल्या जागेत त्यांचे थर साचत जातात.

"तुमच्या पेशींत त्या जनुकाच्या दोन प्रती आहेत," त्या म्हणाल्या. "यांच्या पेशींत तीन. आणि तिन्ही वाचल्या जातात. म्हणजे ते प्रथिन साधारण दीडपट तयार होतं."

"जन्मापासून?"

"जन्माच्याही आधीपासून."

माय हे सगळं लक्ष देऊन ऐकत होती. तिला किती कळलं याचा मला अंदाज नव्हता. मध्येच तिनं विचारलं, "ते जास्तीचं आलं कुठून? माह्याकडून का याच्या बापाकडून?"

डॉक्टर म्हणाल्या, दोघांपैकी कुणाकडूनही येऊ शकतं, बहुतेक वेळा आईच्या बीजातून येतं. बीज तयार होताना जी जोडी सुटायला हवी, ती सुटत नाही. आईचं वय जास्त असेल तर असं व्हायची शक्यता वाढते, पण अगदी तरुण आईच्या बाबतीतही होतं. "त्याचा तुमच्या खाण्याशी, कामाशी, ग्रहणाशी काही संबंध नाही."

ग्रहणाचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दादा पोटात असताना मायनं ग्रहणात विळीवर भाजी चिरली, असं आमची आजी शेवटपर्यंत म्हणत राहिली. माय तेव्हा अठरा वर्षांची होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली की मी काही बोललो नाही. डॉक्टरांनी अशा किती आया पाहिल्या असतील, ते मला तेव्हा कळलं.

"म्हंजे याच्यात कमी काहीच नाही?" मायनं विचारलं.

"नाही. एक जास्त आहे."

मायनं दादाची कॉलर सरळ केली. "जल्मभर मले सगळे कमी हाय, कमी हाय म्हणत आले," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. सांगायची राहिलेली गोष्ट सांगितल्यासारखी ती बोलली. दादानं तिच्या हातावर हात ठेवला, कारण तो अजून त्याच्या कॉलरशी होता आणि त्याला गुदगुल्या होत होत्या.

गुणसूत्रांची तपासणी आम्ही करून घेतली. डॉक्टर म्हणाल्या तसंच निघालं. उपचारांचं त्यांनी उगाच गोड करून सांगितलं नाही. एक गोळी देऊन पाहू, काही जणांना थोडा फरक पडतो. साचलेलं अमायलॉइड धुऊन काढणारी नवी औषधं निघाली आहेत, पण ती दादासारख्या माणसांवर पुरेशी तपासलेली नाहीत, मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती असते. यांना मी ती देणार नाही, असं त्या स्पष्टच म्हणाल्या.

परतीच्या गाडीत माय आणि दादा दोघंही झोपले. मी जागा होतो. दुःख होतं, पण खरं सांगायचं तर त्याहून मोठी दुसरीच गोष्ट माझ्या डोक्यात घुसली होती. ज्या गोष्टीला आमच्या घरात कधी नाव नव्हतं तिला नाव होतं, क्रमांक होता, जागा होती. माझ्या शेजारी घोरणाऱ्या माणसाच्या मेंदूतल्या पेशी त्या क्षणीही ते जनुक वाचत होत्या. मला ते सगळं जाणून घ्यायचं होतं.

पुढचे काही महिने मी सापडेल ते वाचलं. मोबाइलवर मराठीत फारसं नव्हतं, इंग्रजीतलं अडत अडत वाचायचो. शेडनेटमध्ये दुपारी बाया जेवायला बसल्या की मी नर झाडांच्या बाजूला बसून वाचत असे. कंपनीचा अधिकारी आला की त्याला प्रश्न विचारायचो. त्यालाही हे आवडायचं; रोज शेतकऱ्यांशी मिरचीवरच्या किडीबद्दलच बोलून तो कंटाळलेला असावा. त्यानं सांगितलं की झाडं जास्तीची गुणसूत्रं सहज पचवतात. बिनबियांच्या कलिंगडात प्रत्येक गुणसूत्र तीन-तीनदा असतं आणि ते वेल चांगले जोमानं वाढतात. प्राण्यांना ते झेपत नाही. मी विचारलं, मग दादा कसा जगला? तो म्हणाला, "एकविसावं सगळ्यांत लहान आहे. त्याच्यावर जनुकं कमी. मोठ्या गुणसूत्रांपैकी एखादं जास्तीचं आलं, तर मूल बहुतेक जन्मालाच येत नाही."

हे ऐकून मी घरी आलो तेव्हा दादा अंगणात बसून कोंबडीला पोळीचे तुकडे टाकत होता. निम्मे तिला, निम्मे स्वतःच्या तोंडात. मी बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसलो.

दुसऱ्यांदा संभाजीनगरला गेलो तेव्हा माझ्याकडे प्रश्न साठलेले होते. पहिला हा, की प्रथिन जन्माआधीपासून जास्त तयार होतंय तर ते चाळीस वर्षं गप्प का बसलं? डॉक्टर म्हणाल्या, ते गप्प नसतं. मेंदू तो तुकडा सतत साफ करत असतो. तयार होणं आणि साफ होणं यांचा मेळ हळूहळू बिघडतो. तिशीपर्यंत साचायला सुरुवात झालेली असते, पण बाहेर काही दिसत नाही. मग पेशींच्या आत दुसरं एक प्रथिन गुंतायला लागतं, आणि त्यानंतर पेशी मरायला लागतात. पहिल्या गोष्टीतून दुसरी नेमकी कशी सुरू होते, याबद्दल अजून पूर्ण उलगडा झालेला नाही.

दुसरा प्रश्न मला जास्त छळत होता. हे प्रथिन इतकं वाईट, तर ते आपल्यात आहेच का? त्याचं काम काय? डॉक्टर हसल्या. "वाईट नाही ते," त्या म्हणाल्या. मेंदू घडत असताना पेशींना वाढायला, एकमेकींशी जोडून घ्यायला त्याची मदत होते, एवढं दिसतं. इजा झाली तर ते जास्त बनतं. पण त्याचं खरं काम काय, असं सरळ विचारलं तर सरळ उत्तर अजून कुणाकडे नाही.

मला हे फार विलक्षण वाटलं. ज्यानं माझ्या भावाची गाठ पुसून टाकली त्यानंच कधीकाळी त्याच्या पेशींना एकमेकींचा हात धरायला मदत केली असेल. आणि ते कशासाठी आहे हे कुणालाच नीट माहीत नाही.

दादाचं हे विसरणं त्या एकाच जनुकामुळे कशावरून, असंही मी विचारलं. त्यावर त्यांनी सांगितलं, की जगात फार थोडी अशी माणसं सापडली आहेत, ज्यांच्याकडे एकविसाव्याचा जास्तीचा तुकडा आहे, पण नेमका हे जनुक असलेला भाग त्यात नाही. त्यांचं रूप दादासारखं, पण म्हातारपणीही त्यांची स्मृती शाबूत राहिलेली दिसली. मग ती तिसरी प्रत बंद करता येणार नाही का? प्रयोगशाळेत, काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर असे प्रयत्न चालू आहेत, त्या म्हणाल्या. आणि मी पुढे काही विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं, "यांच्यासाठी नाही. पुढच्यांसाठी असेल."

घरी मी आपला मिळालेल्या माहितीतून दादाला पाहायचो. तो काय विसरतो आणि काय विसरत नाही, यात काही रीत आहे का ते शोधायचो. सकाळचं दुपारी विसरायचा, लहानपणचं नाही. वाट विसरला, चव विसरला नाही. वरणात हिंग कमी पडला की वाटी सरकवायचा. एक दिवस मी लोकरीचा धागा डहाळीभोवती अर्धा गुंडाळून त्याची दोन्ही टोकं त्याच्या बोटांत दिली. त्याच्या बोटांनी गाठ पूर्ण केली. तो त्या गाठीकडे दुसऱ्या कुणाची असावी तसं पाहत होता. सुरुवात त्याला करता येत नव्हती, पण मधून सुरू करून दिलं की हात पुढचं जाणत होते. डॉक्टरांना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, हातांनी शिकलेलं मेंदूत वेगळ्या जागी असतं, तिथं आजार उशिरा पोचतो. तेव्हापासून माय दुपारी त्याच्यापुढे डहाळी घेऊन बसायची. ती अर्धी गाठ मारायची, तो अर्धी मारायचा. संध्याकाळपर्यंत डहाळी लोकरीनं भरून जायची. दुसऱ्या दिवशी ती सोडवायची आणि पुन्हा तेच.

हे साधारण वर्षभर चाललं. मग एका सकाळी चहा पिताना त्याच्या हाताला हिसका बसला आणि कप लांब जाऊन पडला. आम्ही हसलो, तोही हसला. दोन दिवसांनी परत तसंच झालं, आणि पुढच्या आठवड्यात त्याला अंगणात फिट आली. या आजारात अशा माणसांना फिट येतात, हे डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं. त्यामुळे मी त्याला कुशीवर वळवलं, तोंडात काही घालू दिलं नाही आणि माय शेजारी बसून त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. चप्पल हुंगवायला धावलेल्या शेजाऱ्याला तिनं हातानंच थांबवलं. आधी कळलेलं असल्याचा तेवढा उपयोग झाला. औषधानं फिट आटोक्यात आल्या, पण त्यानंतर त्याचं चालणं गेलं. डहाळीही तेव्हाच सुटली.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे एक तरुण बाई आली. आमच्या शेडनेटमध्ये काम करणाऱ्या एकीचं माहेर जानेफळचं. तिच्याकडून हिनं आमच्याबद्दल ऐकलं होतं. मेहकरला गाडी बदलून ती एकटीच आली होती, कडेवर दीडेक वर्षाचं लेकरू. लेकराचं तोंड पाहिलं आणि मी आत जाऊन मायला बोलावून आणलं. तेच डोळे, तीच आखूड मान. या लेकराच्या वेगळेपणाला मात्र नाव पहिल्याच महिन्यात मिळालेलं होतं, दवाखान्यातच. तिला विचारायचं होतं ते वेगळं होतं. मोठेपणी हे लेकरू कसं होईल, ते तिला डोळ्यांनी पाहायचं होतं.

दादा आतल्या खोलीत बाजेवर पडलेला होता. मायनं तिला आत नेलं. मी दारात थांबलो. मायनं आधी तिला दादाचं सगळं सांगितलं. चालायला कधी लागला, बोलायला कधी, मीठ कसा वाढायचा, शेडनेटमध्ये कसा राबला. कान तपासून घे, थायरॉइडची तपासणी दरसाल कर, शाळेत घाल आणि तिथल्यांनी घरी पाठवलं तरी पुन्हा घाल. तरुण बाई ऐकत होती आणि मध्येमध्ये बाजेकडे पाहत होती. शेवटी तिनं विचारलंच, की यांना हे काय झालं?

मला वाटलं माय आता काहीतरी वयाचं, काहीतरी अशक्तपणाचं सांगून टाळेल. मी तिच्या जागी असतो तर टाळलं असतं.

"यायले विसरायचा रोग लवकर होते," माय म्हणाली. "या पोरायच्या मेंदूत एक गोष्ट जास्त बनते. ती साचते. चाळिशीच्या पुढं मागं सुरू होते."

"सगळ्यायलेच होते?"

"बहुतेकायले. कोणाले लवकर, कोणाले उशिरा. काही औषध निघून राह्यलं म्हणतात, माह्या पोराच्या वेळेवर नाही निघालं. तुह्या पोराले लई वेळ हाय अजून."

ती बाई रडली. मायनं तिला रडू दिलं आणि लेकरू स्वतःच्या मांडीवर घेतलं. ते लेकरू सरकत सरकत बाजेपर्यंत गेलं आणि दादाच्या पायाचा अंगठा धरून बसलं. दादानं पाय मागे घेतला नाही. बाई डोळे पुसून चहा प्यायली, लेकराला कडेवर घेतलं आणि दुपारच्या गाडीनं गेली.

ती गेल्यावर मी मायला म्हणालो, एवढं सगळं एकदम कशाला सांगितलं? तिच्या पोराला अजून उभंही राहता येत नाही.

"तिनं इचारलं," माय म्हणाली. "मले कोणी सांगतलं असतं तर मी त्याच्यासंगं अजून हिंडली असती. हिवरा आश्रमाची यात्रा त्याले पाहाची होती, दरवर्षी पुढच्या साली जाऊ म्हणत राह्यलो."

त्या बाईचा अधूनमधून फोन येतो. पोराचे कान तपासून झाले, थायरॉइड ठीक निघालं. मागच्या महिन्यात तो भिंत धरून उभा राहायला लागला. हे सगळं ती मला सांगत नाही, मायलाच फोन द्या म्हणते, आणि माय फोन दादाच्या कानाशी धरते. तो ऐकतो असं तिचं म्हणणं आहे. मला खात्री नाही. पण फोनवर लेकराचा आवाज आला की दादाचे डोळे थोडे मोठे होतात, हे मी बरेचदा पाहिलं आहे. पुढच्या वेळी संभाजीनगरला गेलो की डॉक्टरांना विचारणार आहे, ते कशामुळे होत असेल.